बारावं नाव

"जुनं रजिस्टर दे गं जरा," सर व्यासपीठावरून म्हणाले, आणि मी उठून दिलं. निरोपाच्या दिवशी माणूस जुन्या आठवणी काढतो, तसं काहीतरी असेल असं वाटलं. चार नावं वाचतील, आठ जण डोळे पुसतील, मग चहा. मागच्या खोलीत साठ कप मी सकाळीच पुसून पालथे घालून ठेवले होते.

सरांनी खुणेचा कागद घातलेलं पान उघडलं, चष्मा कपाळावर ढकलला आणि वर्गात उत्तर सांगावं तसं सांगितलं, "एकोणीस वर्षांपूर्वीचा रविवार. इथे बारा जणांच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे. प्रत्यक्षात अकरा झाले. बारावं नाव माझं. माझा बाप्तिस्मा कधीच झालेला नाही."

कुणीतरी हसलं. सर मधूनमधून गंमत करायचे, त्यामुळे हसणाऱ्याची चूक नव्हती. पण सर हसले नाहीत आणि ते हसू अर्ध्यात विरलं. मी तर हसण्याच्या स्थितीतच नव्हते, कारण त्या पानावर अकरावं नाव माझं होतं.

बाहेरच्या माणसाला वाटेल, यात एवढं काय आभाळ कोसळलं? म्हणून सांगते. आम्ही बाप्टिस्ट. तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडून आमच्यात भागत नाही. माणसानं कळत्या वयात, स्वतःच्या तोंडानं, सगळ्यांसमोर सांगायचं की माझा विश्वास आहे. मग आमची मंडळी, म्हणजे चर्चचे सगळे सभासद मिळून, मत देते. मग व्यासपीठामागच्या हौदात पाळक, म्हणजे आमचा धर्मगुरू, त्याला धरून पूर्ण पाण्याखाली नेतो आणि वर काढतो. त्याशिवाय सभासदत्व नाही, प्रभुभोजन नाही, मत नाही. आणि इथे एकोणीस वर्षं आमचा पाळक असलेला माणूस सांगत होता की तो पाण्याखाली कधी गेलाच नव्हता. मुख्याध्यापकांनी निवृत्तीच्या भाषणात सांगावं की मी पहिलीसुद्धा पास नाही, तसं झालं हे.

सर पाळक झाले तरी त्यांना 'पाळकसाहेब' कुणी म्हणालं नाही. ते सरच राहिले. त्याआधी सव्वीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं. 'हातचा विसरू नका' हे दिवसातून इतक्यांदा म्हणायचे की मुलांनी नावच पाडलं, हातचे सर. कधी कुणावर हात उचलला नाही. तीन दिवस कुणी वर्गात दिसलं नाही की चौथ्या दिवशी संध्याकाळी सर त्याच्या दारात. बाहीला खडू तसाच, हातात बुडलेल्या तासांची गणितं. आजारी मुलापेक्षा त्याची आईच जास्त घाबरायची. फळा स्वतः पुसायचे. म्हणायचे, माझा पसारा मी आवरतो. मी गणितात दरवर्षी गटांगळ्या खाणारी मुलगी. आज माझं शिलाईचं दुकान आहे आणि कापड बेतताना पाव इंचाचा घोळ होत नाही, ते त्यांच्यामुळे.

एका गोष्टीला मात्र त्यांच्याकडे माफी नव्हती. सातवीत एकदा माझी मैत्रीण शाळा चुकवून गेली. तिचा नंबर आला तेव्हा मी आवाज बदलून 'हजर' म्हणाले. सरांनी वर पाहिलं, रजिस्टर मिटलं आणि हळू आवाजात विचारलं, "तिच्यासाठी तू हजर झालीस. मग तुझ्यासाठी कोण होणार?" त्या दिवशी मी पहिल्या बाकावर, अगदी त्यांच्या नाकासमोर बसून होते आणि माझ्या नावापुढे गैरहजेरी लागली. त्यापेक्षा मार परवडला असता. घरी जाऊन मी जेवलेही नाही.

आणि त्याच माणसाची खोटी हजेरी एकोणीस वर्षं आमच्या रजिस्टरात! शेजारची बाई कानात काहीतरी बोलत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते, शब्द एकही कळत नव्हता.

"झालं असं," सर सांगू लागले, आणि त्यांनी सांगायच्या आधीच मला तो दिवस दिसायला लागला.

त्या रविवारी आम्ही बारा जण पांढरे झगे घालून हौदामागच्या जिन्यात रांगेनं उभे होतो. झगे मीच शिवलेले. पाण्यात फुगून वर येऊ नयेत म्हणून खालच्या दुमडीत शिशाचे तुकडे घातलेले. सर सगळ्यांत शेवटी उभे राहिले. सहलीला नेतानाही ते शेवटीच चालायचे, कुणी मागे राहू नये म्हणून. कित्येक वर्षं मागच्या बाकावर बसून, हजार प्रश्न विचारून, पन्नाशी उलटल्यावर त्यांनी बाप्तिस्म्याचं ठरवलं होतं. तेव्हाचे पाळक खूप म्हातारे होते. एकाचं झालं की पडदा ओढायचे, दम खायचे, मग पुढचा. अकरावी मी. माझं झालं, पडदा ओढला गेला, मी मागच्या खोलीत जाऊन केस पिळत होते, तेवढ्यात पाण्याचा मोठा आवाज झाला आणि कुणीतरी ओरडलं. धावत आले तर म्हातारे पाळक सरांच्या हातांत, आणि सर छातीपर्यंत पाण्यात, झगा ओलाचिंब. म्हाताऱ्यांच्या छातीत कळ आली होती. तीन आठवड्यांनी ते गेले.

पडद्यापुढे बसलेल्या सगळ्यांनी पाण्याचा आवाज ऐकला होता. पडदा उघडला तेव्हा सगळ्यांनी सरांना भिजलेलं पाहिलं. दोन आणि दोन चार. शेवटचा बाप्तिस्मा देता देता म्हातारे कोसळले, हे त्याच दिवशी सगळ्यांच्या तोंडी झालं. मी तर ती गोष्ट शंभरदा सांगितली असेल. 'मी अकरावी, सर बारावे.' नव्या लोकांना सांगितली, गिऱ्हाइकांना सांगितली, माप घेता घेता सांगितली. पाहिलं तर मी काहीच नव्हतं.

"पाळक पाण्यात खाली बसताना दिसले म्हणून मी उडी मारली," सर म्हणाले. "माझं डोकं कोरडं होतं. त्या गडबडीत ते कुणाच्या लक्षात आलं नाही आणि मी सांगितलं नाही. इस्पितळात पाळकीणबाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, त्यांनी शेवटचं धरलं ते तुम्हाला. मी 'नाही' म्हणणार होतो. म्हटलं, उद्या सांगू. त्यानंतर दर रविवारी दाराशी त्या माझा हात धरून हेच म्हणायच्या. गेल्या महिन्यात त्या गेल्या. आता कुणाचं काही हिरावलं जात नाही, म्हणून सांगतोय. यात दया थोडी आणि भित्रेपणा जास्त, हे मला कळतं." त्यांनी रजिस्टर मिटलं. "मला बाप्तिस्मा हवा आहे. नियमाप्रमाणे मत तुम्ही द्यायचं. तोपर्यंत मी पाळक नाही आणि सभासदही नाही."

ते खाली उतरले, सगळ्यांच्या मधून चालत गेले आणि सगळ्यांत मागच्या बाकावर जाऊन बसले.

मग जो गोंगाट झाला तो विचारू नका. आमच्या कार्यकारी समितीचे प्रमुख औषधवाले, त्यांचं चौकात औषधांचं दुकान आहे, एरवी खोकल्याच्या बाटलीवरचं लेबल वाचावं इतक्या सावकाश बोलतात. ते लाल होऊन उठले. "माझ्या तिन्ही मुलांना यांनी पाण्यात घातलं! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! अगदी शब्दशः कोरडे!" कुणी रडत होतं. चहा कुणी घेतला नाही.

मला मात्र एकच गोष्ट दिसत होती, प्लास्टिकची एक खुर्ची. सात वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याचा बाप्तिस्मा सरांनी दिला तेव्हा ह्यांना उभं राहण्याचं त्राण नव्हतं. खुर्चीसकट दोघांनी हौदात उतरवलं. हे घाबरले होते. सर प्रत्येकाला जे सांगायचे तेच त्यांनी ह्यांनाही सांगितलं, "चारपर्यंत मोज. पाचला तू बाहेर असशील." वीस दिवसांनी हे गेले. त्या वीस दिवसांच्या आधारावर मी सात वर्षं काढली होती.

दाराशी मी सरांना गाठलं. "सर, मग ह्यांचं काय?"

"त्याचं खरं होतं," सर म्हणाले. "विश्वास त्याचा होता. माझे नुसते हात होते."

"हात कुणाचे होते हे मला महत्त्वाचं होतं," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी सरांकडे पाठ फिरवून निघून गेले.

घरी आई खिडकीपाशी बसून माझ्या डब्यातली बटणं रंगवार लावत होती. आईला ऐंशी पूर्ण झाली. तिचे गुडघे गेलेत, नजर नाही गेली. माझ्या आधी मंडळीचं रजिस्टर तीच सांभाळायची. सकाळी ती पहिल्या बाकावर बसून होती आणि सगळं ऐकून एक शब्द बोलली नव्हती. रागाच्या भरात आत्ता कुठे माझ्या ध्यानात आलं की त्या बारा नावांचं अक्षर तिचं आहे.

"आई, बारावं नाव तू लिहिलंस."

"बाराही मीच लिहिली. शनिवारीच. रविवारी ओल्या हातांनी शाई फुटते."

"मग नंतर खोडलं का नाहीस? का तुला माहीतच नव्हतं?"

आईनं एक निळं बटण पांढऱ्यांतून बाजूला काढलं. "मी टॉवेल घेऊन पायरीवर उभी होते. अकरा टॉवेल भिजले. बारावा माझ्या हातात कोरडा होता, तो म्हाताऱ्यांना गुंडाळला. मला नाही माहीत तर कुणाला?"

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. सकाळी बसलेला धक्का सरांचा होता. सर कितीही झाले तरी परके. ही माझी आई. मला लहानपणी बोरू धरायला शिकवावं तसं रजिस्टर लिहायला शिकवणारी, 'जे झालं तेच लिहायचं' म्हणणारी.

"खोडायला बसले होते गं," ती म्हणाली. "पेनाचं टोपण काढलं होतं. पण म्हातारे मरणाच्या दारात, मंडळी सैरभैर, आणि ज्याच्यामागे सगळे जातील असा एकच माणूस. नाव खोडलं असतं तर औषधवाल्यांनी बैठक घेतली असती, मग त्या बैठकीवर बैठक. तोवर निम्मे लोक पांगले असते. मी टोपण लावलं. वाटलं, सर कुठेतरी गुपचूप करून घेतील. सरांना वाटलं असेल, बाई खोडतील."

"आणि तुम्ही दोघं यावर कधी बोललाच नाहीत?"

"कधीच नाही. एकोणीस वर्षं समोरासमोर उभं राहून गायलो."

मी उठून दुकानात गेले आणि काम नसताना मशीन चालवत बसले. दोन दिवस आईशी कामापुरतं बोलले. ती तरी कुठे माघार घेणार! तिनंही कामापुरतीच उत्तरं दिली.

बुधवारी संध्याकाळी बैठक भरली. रिवाजाप्रमाणे अर्जदारानं आधी आपल्या विश्वासाची साक्ष सांगायची, मग बाहेर जाऊन थांबायचं. ज्या पायरीवर सर आजवर दुसऱ्यांना धीर देत उभे राहायचे, त्याच पायरीवर जाऊन बसले. दार लागलं. औषधवाल्यांनी मुद्दे मांडले आणि खरं सांगायचं तर एकही मुद्दा चुकीचा नव्हता. ज्याला सगळ्यांची हजेरी घ्यायची असते, त्यानं स्वतः खोटं हजर राहायचं नाही. मी मान हलवत होते. माझं मत ठरलेलं होतं: नाही.

तेवढ्यात आई काठीवर उठली. "ते नाव मी लिहिलंय," ती म्हणाली. "आणि ते खोटं आहे हे त्याच दिवसापासून मला माहीत आहे. सरांनी रविवारी माझं नाव घेतलं नाही, तो त्यांचा चांगुलपणा. त्यांना बाहेर ठेवायचं तर मलाही बाहेर काढा. दोघांची शिक्षा एका माणसाला देऊ नका."

औषधवाल्यांनी मुद्द्यांचा कागद घडी घालून खिशात ठेवला. आईला ते 'मोठ्या बाई' म्हणतात. त्यांच्या बाप्तिस्म्याची नोंदही तिच्याच अक्षरात आहे.

कागदाचे तुकडे वाटले गेले. पेन हातात घेतलं आणि मला सातवीतला तो दिवस आठवला. ती गैरहजेरीची गोष्ट मी आजवर कितीतरी लोकांना सांगितली आहे, आत्ता इथेही सांगितली. पण सांगताना एक भाग मी नेहमी गाळते. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले ती मान खाली घालून, पार शेवटच्या बाकावर बसायला. सरांनी रजिस्टर उघडलं आणि एक नंबरपासून सुरुवात केलीच नाही. त्यांनी सगळ्यांच्या आधी माझा नंबर पुकारला. मी 'हजर' म्हणाले. सर म्हणाले, "झालं. आता ये पुढे." बस, एवढंच. कालचं तिथेच संपलं. ही अर्धी गोष्ट मी का गाळायचे कोण जाणे. अपमान झाला हे सांगण्यात जी मजा आहे ती यात नाही, म्हणून असेल. मला स्वतःची लाज वाटली.

मी 'होय' लिहिलं. त्रेपन्न होय, चार नाही.

सरांना आत बोलावलं. औषधवाल्यांनी आकडा वाचून दाखवला. मग प्रश्न आला, बाप्तिस्मा देणार कोण? आमचा पाळक तर तेच. नियमांच्या पुस्तकात लिहिलंय, पाळक नसेल तर मंडळी नेमेल ती सभासद व्यक्ती.

"चूक मी केली, मीच निस्तरली पाहिजे," आई म्हणाली. "पण हे गुडघे मला हौदात उतरू देणार नाहीत. माझ्याऐवजी माझी मुलगी जाईल."

"म्हणजे मोठ्या बाई, पुन्हा दुसऱ्याच्या नावानं हजेरी?" औषधवाले म्हणाले, आणि चार दिवसांत पहिल्यांदा सगळे हसले. सरही हसले. मी तेवढी आईकडे बघत राहिले. मला न विचारता तिनं मला पाण्यात ढकललं होतं.

सरांच्या झग्याचं माप घ्यायला मी शुक्रवारी गेले. त्यांचे खांदे दोन इंचांनी उतरले होते. मी टेप लावत होते आणि ते आकड्यांवर लक्ष ठेवून होते. "दुमडीला दीड इंच धरलास का?" त्यांनी विचारलं.

"हातचा विसरले नाही, सर," मी म्हणाले. दाराशी येऊन ते म्हणाले, "तू नाही म्हणाली असतीस तरी चाललं असतं."

"म्हणणारच होते," मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली. बरोबर उत्तराला डोलवायचे तशी.

रविवारी पडदा आम्ही ओढलाच नाही. पूर्ण उघडा ठेवला, सगळ्यांना सगळं दिसावं म्हणून. पाणी माझ्या कमरेच्या वर होतं आणि थंड होतं. सर पायऱ्या उतरून आले. सत्तर वर्षांचा माणूस, पण माझ्या हाताखाली त्यांचा दंड लहान मुलासारखा थरथरत होता.

"पाण्याची भीती वाटतेय का, सर?" मी हळूच विचारलं.

"पाण्याची नाही गं," ते म्हणाले. "पाळकीणबाई हात धरून म्हणायच्या ना... आता हे कळल्यावर त्यांना तिकडे काय वाटेल, त्याची."

त्यांच्याकडून शिकलेलं होतं तेवढंच मला बोलता आलं. "चारपर्यंत मोजा. पाचला तुम्ही बाहेर असाल."

मी पित्याचं, पुत्राचं आणि पवित्र आत्म्याचं नाव घेतलं आणि त्यांना मागे नेलं. माझ्या शिशानं झगा जड झाला होता. पांढरे केस पाण्यावर पसरले, मग तेही खाली गेले. त्यांच्या चेहऱ्यावर पाणी मिटलं. मीही मोजत होते. सगळी ताकद लावून मी त्यांना वर काढलं.

कुणी गायला लागणार, इतक्यात पहिल्या बाकावरून खणखणीत आवाज आला. आई. मांडीवर रजिस्टर, हातात पेन, टोपण काढलेलं, कागद कोरा.

"डोकं पूर्ण गेलं का गं?"

"गेलं, आई."

"नीट बघ."

मी नीट बघितलं. केसांतून, कानांतून, भुवयांवरून पाणी वाहत होतं. कोरडं काहीच नव्हतं. सर डोळे घट्ट मिटून उभे होते आणि त्यांचे ओठ अजून मोजत होते.

"पूर्ण गेलं," मी म्हणाले. "सर, पाच झाले."

त्यांनी डोळे उघडले. आईनं मान खाली घातली आणि मग कुठे लिहायला सुरुवात केली.